पश्चिमेस टाइल्सचे दुकान

त्या शनिवारी दुपारच्या जेवणाआधीच साप्ताहिकाच्या सगळ्या प्रती संपल्या, आणि संपादकांना वाटलं, आपल्या कादंबरीला लोकांनी अखेर डोक्यावर घेतलं.

"अगं, ऐकलंस का?" ते दारातूनच ओरडले. "कोपऱ्यावरच्या स्टॉलवर एक प्रत नाही. शाळेसमोरच्या स्टॉलवर नाही. पुलाजवळचा तर म्हणतो, दुकान उघडल्या उघडल्या गठ्ठाच गेला! 'हिरवा हातमोजा' गाजतोय!"

वहिनी मागच्या खोलीत छपाईच्या मशीनवरची शाई पुसत होत्या. वहिनी म्हणजे संपादकांची बायको. गावातली लहानथोर सगळी मंडळी त्यांना वहिनीच म्हणायची.

"प्रती गेल्या की गठ्ठा गेला?" त्यांनी विचारलं.

"त्यात फरक काय?"

"प्रत लोक वाचायला नेतात. गठ्ठा न्यायचं कारण वेगळं असतं."

पण संपादक ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. ते आरशासमोर उभे राहून केसांवरून हात फिरवत होते. गेली दोन वर्षं ते 'हिरवा हातमोजा' ही रहस्यकथा दुसऱ्या पानावर आठवड्याला एक प्रकरण याप्रमाणे छापत होते आणि इतक्या दिवसांत तिच्याबद्दल एकही पत्र आलं नव्हतं. म्हणजे एक आलं होतं, पण ते शेजारच्या पानावरच्या कोड्याचं उत्तर चुकलंय हे सांगायला.

साप्ताहिक कादंबरीवर चालत नव्हतंच. ते चालायचं शेवटच्या पानावर. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात असलेल्या जाहीर सूचनांवर. कुणी नाव बदललं, कुणाची कागदपत्रं हरवली, कुणाच्या वारसाहक्कावर हरकती मागवायच्या असल्या, की कायद्याने सूचना छापावी लागायची, आणि गावात छापील असं दुसरं काही निघत नव्हतं. त्या पानाची जुळणी, तपासणी, बिलं, सगळं वहिनी बघायच्या. पहिली तीन पानं नवऱ्याची हौस आणि चौथं पान घरचा किराणा, अशी त्यांच्या घरातली वाटणी होती.

त्या आठवड्याच्या चौथ्या पानावर नगरपालिकेच्या करवसुली खात्याची सूचना होती. थकीत करापोटी मिळकतीचा जाहीर लिलाव. मिळकतीचे वर्णन: बंद पडलेला बटणांचा कारखाना, जागेसह. आणि खाली चतुःसीमा: पूर्वेस बोळ, पश्चिमेस टाइल्सचे दुकान, उत्तरेस नाला, दक्षिणेस सार्वजनिक रस्ता. अशी सूचना लागोपाठ तीन अंकांत यायला हवी, मिळकतीवर सहज दिसेल अशा जागी चिकटवायला हवी आणि मालकाला टपालाने पाठवायला हवी, असा नियम होता. मालक म्हणजे बटणवाले. ते वारले त्याला बरीच वर्षं झाली होती. टपाल त्यांच्या शेवटच्या पत्त्यावर गेलं, आणि शेवटचा पत्ता म्हणजे तोच बंद कारखाना. पोस्टमनने कुलूप पाहिलं आणि टपाल परत नेलं. नियम पाळला गेला, बटणवाल्यांच्या वारसांना मात्र कुणी काही कळवलं नाही.

पुढच्या आठवड्यात संपादकांनी हट्टाने जास्त प्रती छापायला लावल्या. त्याही गेल्या. आता त्यांच्या चालण्यात फरक पडला. ते हात पाठीमागे बांधून चालू लागले. केस कापायला गेले तेव्हा न्हाव्याला अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय, परवाचं प्रकरण कसं वाटलं?"

"कुठलं प्रकरण? अंकच मिळाला नाही, साहेब. दोन आठवडे झाले, मिळतच नाही."

संपादक हर्षभरित होऊन घरी आले. "लोकांना अंक मिळत नाहीये!"

वहिनी चष्मा कपाळावर सरकवून त्यांच्याकडे बघत राहिल्या. न्हाव्याला मिळाला नाही. डॉक्टरांना मिळाला नाही. स्वतः वहिनींच्या जावेला मिळाला नाही. दुप्पट छापलेला अंक गावात कुणीच पाहिलेला नव्हता. मग तो गेला कुठे?

उत्तर मंगळवारी आपल्या पायांनी चालत आलं. फरशीशेठचा मेहुणा दारात उभा होता.

फरशीशेठ म्हणजे कारखान्याच्या पश्चिमेचं ते टाइल्सचं दुकान चालवणारे गृहस्थ. दुकान मोठं, काचेचं, आत चकचकाट. पण शेठ असे की गिऱ्हाइकाला पाणी दिलं तरी पेला अर्धाच भरायचे. बायकोचा भाऊ शिकून घरी बसला होता, त्याला त्यांनी दुकानात घेतलं होतं आणि पगाराचा विषय निघाला की "आपण घरचीच माणसं" म्हणायचे.

"वहिनी, एक काम होतं," मेहुणा चुळबुळ करत म्हणाला. "पुढचं प्रकरण... शनिवारच्या आधी वाचायला मिळेल का?"

"कशाचं प्रकरण?"

"हातमोज्याचं. ती बाई तळघरात उतरली आणि क्रमशः आलं. मला तेव्हापासून झोप नाही."

वहिनींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच हा प्रश्न कुणी विचारला होता. त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा ठेवला, चांगला आलं घालून केला आणि मग पुढ्यात बसून मायेने म्हणाल्या, "तुम्हाला बरा अंक मिळतो! गावात तर कुणालाच मिळत नाही."

मेहुण्याने चहाचा घोट घेतला आणि तो तसाच तोंडात धरून बसला.

"गिळा आधी," वहिनी म्हणाल्या. "मग सांगा."

त्याने घोट गिळला आणि तो सांगू लागला. शेठना कारखान्याची जागा गोदामासाठी हवी होती. लिलावाची पहिली बोली थकलेला कर अधिक खर्च एवढ्यावरच सुरू व्हायची. दुसरं कुणी आलंच नाही तर तेवढ्यातच जागा पदरात. म्हणजे लिलाव आहे हे कुणाला कळता कामा नये. शनिवारी उजाडायच्या आत मेहुण्याने सगळे स्टॉल फिरायचे आणि सगळ्या प्रती उचलायच्या, एवढं काम त्याला नेमून दिलं होतं.

"आणि कारखान्याच्या फाटकावर चिकटवलीय ती सूचना?"

"तिच्यासमोर आमचा ट्रक उभा असतो. दाजी म्हणतात, बंद पडलाय."

"पडलाय का?"

"परवा मीच चालवला."

वहिनी हसल्या नाहीत, पण पदर मात्र तोंडाशी नेला. "एवढे अंक घरात असताना तुम्ही वाचायला लागलात होय?"

"एवढे गठ्ठे वाहायचे म्हटल्यावर मध्ये दम खायला बसावं लागतं. बसलं की वाचतो. पण वहिनी, दाजींना माझं नाव सांगू नका हं."

"छे हो. तुम्ही आलातच कुठे?"

संध्याकाळी वहिनी नगरपालिकेत गेल्या. वसुली अधिकारी बाई दोन कपाटांच्या मध्ये बसून शिक्के मारत होत्या. बाई कडक. खुर्चीवरचा पंखासुद्धा त्यांच्या परवानगीशिवाय फिरत नसावा असं वाटायचं. वहिनींनी सगळं सांगितलं, मेहुणा वगळून.

"अंक छापला?" बाईंनी विचारलं.

"छापला."

"विकला?"

"विकला, पण सगळा एकाच माणसाने..."

"मग सूचना प्रसिद्ध झाली. विकत घेतलेला अंक कुणी वाचला, कुणी उशाला घेतला, हे खातं बघत नाही."

"आणि ट्रक?"

"मी जाऊन पाहिला. ट्रकला चाकं आहेत. चाकं असलेली वस्तू आड आली तर जागा दर्शनी नाही असं म्हणता येत नाही." बाईंनी शिक्का उचलून हवेतच धरला आणि आवाज जरा खाली आणला. "मला आवडतं असं नाही, वहिनी. पण माझ्या हातात कागद आहे तेवढाच. कागद बरोबर असेल तर लिलाव होणार. कागद चुकला असता, तर गोष्ट वेगळी. चुकलेली सूचना म्हणजे न दिलेली सूचना. सगळं पहिल्यापासून."

एवढं बोलून त्यांनी शिक्का मारला.

परतताना वहिनी मुद्दाम टाइल्सच्या दुकानावरून गेल्या. ट्रक ठामपणे बंद पडलेला होता. दुकानाच्या बाजूच्या दारात दोन माणसं खोकी भरत होती. एक टाइल, त्यावर कागद, पुन्हा टाइल, पुन्हा कागद. वहिनी थांबल्या. पूर्वी शेठ खोक्यांत गवत भरायचे. गवत विकत आणावं लागतं. आणि इथे तर घरात अंकांची थप्पी लागलेली, ती फुकट का घालवायची? एका खोक्यातून 'हिरवा हातमोजा'चं शीर्षक अर्धं बाहेर आलं होतं. ते खोकं एका गिऱ्हाइकाने उचललं, गाडीत ठेवलं आणि तो निघून गेला.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. इथे तर शेठ कोंबडं स्वतःच घरोघर पोचवत होते, फक्त ते अजून आरवलं नव्हतं. भिंतीला टाइल लावताना कोण कागद वाचतो? आणि वाचला तरी बंद कारखान्याच्या बातमीवर कोण थांबतो?

वहिनी विचार करत घरी आल्या.

तिसऱ्या अंकात जे झालं ते कसं झालं, याबद्दल गावात आजही दोन मतं आहेत. वहिनींचं म्हणणं, त्या दिवशी त्यांचा चष्मा दुरुस्तीला गेला होता. चष्मेवाल्याचं म्हणणं, आपल्याकडे त्या महिन्यात वहिनींचा चष्मा आलाच नाही. ते काही असो. जुळणी करताना दोन ओळींनी आपापसांत जागा बदलल्या. बटणांचा कारखाना चतुःसीमेत जाऊन बसला आणि टाइल्सचं दुकान वर आलं. अंकात छापून आलं ते असं: थकीत करापोटी जाहीर लिलाव, मिळकतीचे वर्णन: टाइल्सचे दुकान, जागेसह. पश्चिमेस बंद पडलेला बटणांचा कारखाना.

त्या रात्री मात्र वहिनींना झोप लागली नाही. सूचनेत चूक म्हणजे खातं बिल देणार नाही. कदाचित पुढच्या सूचनाही जातील. चौथं पान गेलं तर पहिली तीन कशावर उभी राहणार? शेजारी संपादक समाधानाने घोरत होते. वहिनी उठून बसल्या, पुन्हा आडव्या झाल्या आणि शेवटी स्वतःशीच म्हणाल्या, "आता छापून झालंय."

शनिवारी नेहमीप्रमाणे सगळ्या प्रती गेल्या. शेठ शेवटचं पान वाचत नव्हते. त्यांना प्रती मोजायच्या होत्या, त्या बरोबर भरल्या. सोमवारी त्या खोक्यांत गेल्या. आणि बुधवारी दातांचे डॉक्टर हातात चुरगळलेला कागद घेऊन टाइल्सच्या दुकानात शिरले.

डॉक्टरांनी दवाखान्यासाठी निळ्या टाइल्सची आगाऊ रक्कम भरली होती. अर्धा माल आला होता, अर्धा यायचा होता.

"शेठ, माझे पैसे परत द्या."

"का हो, डॉक्टर? रंग उतरला का?"

"रंग तुमचा उतरलाय. कर थकवलात म्हणे. दुकान लिलावात निघालंय, आणि आम्हाला पत्ता नाही!"

शेठ आधी हसले. डॉक्टरांनी कागद टेबलावर आपटला. शेठनी वाचला. मग चष्मा लावून वाचला.

"हे... हे कुठे मिळालं तुम्हाला?"

"तुमच्याच खोक्यात. प्रत्येक टाइलमागे एक. मी तर म्हटलं, माणूस प्रामाणिक आहे, सांगायला लाज वाटते म्हणून मालाबरोबर कळवतोय."

तोवर दारात आणखी दोघं आली. एकाचं स्वयंपाकघर अर्धं राहिलं होतं, दुसरीचा जिना. दुपारी टाइल्सच्या कारखान्यातून माल पाठवणाऱ्याचा फोन आला की यापुढे रोख असेल तरच गाडी निघेल. संध्याकाळी बँकेतून एक गोड आवाज आला, "सहजच चौकशी केली." रात्री शेठच्या बायकोने ताट वाढलं आणि विचारलं, "माझे दागिने तरी शाबूत आहेत ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीशेठ साप्ताहिकाच्या कचेरीत आले तेव्हा त्यांच्या शर्टाची गुंडी चुकीच्या काजात गेली होती.

"हे काय छापलंत तुम्ही? माझं दुकान? माझं?"

संपादकांनी अंक हातात घेतला, वाचला आणि त्यांचा चेहरा पडला. "अरेरे! मुद्रणदोष. शेठ, मी अत्यंत... अगं, हे बघितलंस का?"

वहिनींनी पदराला हात पुसत येऊन वाचलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "ओळी सरकल्या वाटतं. पण शेठ, तुम्हाला कसं कळलं? हा अंक तर गावात कुणालाच मिळाला नाही म्हणतात."

शेठनी शर्टाची गुंडी सोडली आणि पुन्हा चुकीच्याच काजात घातली.

"म्हणजे," वहिनी समजुतीच्या सुरात पुढे म्हणाल्या, "कुणी वाचलाच नसेल तर नुकसान कसलं? एका चांगल्या वाचकाने सगळ्या प्रती आधीच नेल्यात. त्या परत आल्या तर आम्ही जाळूनसुद्धा टाकू."

"त्या... त्या आता घरोघर गेल्यात," शेठ कसंबसं म्हणाले.

"घरोघर!" संपादक आनंदाने म्हणाले. मग त्यांना प्रसंगाचं भान आलं.

शेठ खुर्चीत बसले. "शुद्धिपत्र टाका. कोपऱ्यात, बारीक अक्षरात. टाइल्सच्या दुकानाचा लिलाव नाही. बस्स."

"दुकानाचा नाही, मग कशाचा, हे सांगावं लागेल ना?" वहिनी म्हणाल्या. "आणि बारीक अक्षरात टाकलं तर वाचणार कोण?"

हा विचार शेठच्या डोक्यात आला नव्हता. तो आता आला आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर पसरला.

नगरपालिकेत तिघंही गेले. वसुली अधिकारी बाईंनी अंक समोर धरला, मूळ मसुदा शेजारी ठेवला आणि दोन्हीवरून पेन्सिल फिरवली.

"चुकलेली सूचना," त्या म्हणाल्या. "लिलावाची तारीख रद्द. नवी तारीख. पुन्हा तीन अंकांत, पूर्ण मजकूर, ठळक. आणि हे तीन अंक साप्ताहिकाच्या खर्चाने. चूक त्यांची आहे." त्यांनी वहिनींकडे चष्म्यावरून पाहिलं. "पुन्हा झाली तर मी सूचना हाताने लिहून भिंतींवर लावीन, पण तुमच्याकडे देणार नाही. कळलं?"

"कळलं, मॅडम," वहिनी म्हणाल्या. बोलणं त्यांना लागलं होतं. ते खरं होतं म्हणून जास्तच लागलं.

"आणि शेठ, तुमचा तो ट्रक. त्याची चाकं परवा मी पुन्हा पाहिली. खाली गवत उगवलंय. गवत उगवलं की वस्तू स्थावर. हलवा."

मग जे तीन आठवडे आले ते गाव बरीच वर्षं विसरणार नाही. ज्या माणसाने एकही अंक कुणाच्या हाती लागू दिला नव्हता, तोच आता प्रत्येक घरात अंक पोचवायला निघाला. शेठनी स्वतःच्या पैशांनी दोन हजार प्रती छापून घेतल्या. बिल बघून त्यांनी डोळे मिटले, पण भरलं. त्यातूनच साप्ताहिकाच्या तीन फुकटच्या सूचनांचा खर्चही भरून निघाला. मेहुणा दारोदार फिरून बेल वाजवायचा आणि शेठनी पाठ करून घेतलेलं वाक्य म्हणायचा: "शेवटचं पान वाचा. दुकान नाही, शेजारचा कारखाना." दार बंद व्हायच्या आत तो स्वतःचं वाक्य जोडायचा: "दुसरं पानही वाचा. पण मागची प्रकरणं वाचल्याशिवाय कळणार नाही."

काही लोकांनी खरंच वाचलं. इतके दिवस जे मिळत नव्हतं ते दारात आल्यावर माणूस उघडून बघतोच. न्हाव्याने दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. केस कापून झालेली माणसंही प्रकरण संपेपर्यंत उठेनात. आणि शेवटचं पान तर सगळ्यांनीच वाचलं. पावाच्या भट्टीवाल्याला वाटलं, जागा चांगली आहे, नाल्याकडून वारा येतो. डॉक्टरांना वाटलं, दवाखाना मोठा करता येईल.

बटणवाल्यांची लेक दुसऱ्या शहरात राहायची. तिच्या आतेबहिणीने फोन केला, "तुझ्या बाबांच्या कारखान्याचा लिलाव आहे. सगळं गाव बोलतंय, आणि तुलाच माहीत नाही?"

ती आली. चाळिशीची, दणकट, मोठ्याने हसणारी बाई. आधी वसुली अधिकारी बाईंकडे गेली आणि मग साप्ताहिकाच्या कचेरीत.

"हातोडा पडेपर्यंत कर भरला तर कारखाना माझ्याकडेच राहील असं म्हणाल्या," तिने वहिनींना सांगितलं. "पण मला तो नकोच आहे. सुट्टी लागली की बाबा मला तिथे बटणं निवडायला बसवायचे. दोन भोकांची इकडे, चार भोकांची तिकडे. मी आजही चेनचे कपडे घालते."

"मग?"

"मग काही नाही. लिलाव होऊ दे. कर वजा जाऊन वरचे पैसे मालकाचे, असा नियम आहे ना? मी मागे बसून गंमत बघते."

लिलावाच्या दिवशी नगरपालिकेचा हॉल भरला. एरवी तिथे लिलावाला दोन माणसं यायची, त्यातला एक शिपाई. आज खिडक्यांतही माणसं होती. पहिल्या रांगेत शेठ, शेजारी मेहुणा. मधल्या रांगेत संपादक आणि वहिनी. अधिकारी बाईंनी टेबलावर पेला उपडा ठोकला आणि पहिली बोली सांगितली.

शेठनी हात वर केला. भट्टीवाल्याने केला. डॉक्टरांनी केला. आकडा पायरी पायरीने वर चढू लागला. डॉक्टर आधी गळाले. मग भट्टीवाला आणि शेठ दोघंच उरले. एका टप्प्यावर शेठनी हात मांडीवर ठेवला आणि तो तिथेच राहिला. त्यांच्या मनातला शेवटचा आकडा केव्हाच मागे पडला होता.

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, पण हॉलभर ऐकू जाईल इतकंच हळू: "शेठचा हात आखडला वाटतं. म्हणजे ते खरंच होतं की काय?"

बँकेचा माणूसही आला होता. त्याने मान वळवून पाहिलं.

शेठचा हात वर गेला. भट्टीवाल्याने आणखी चढवलं. शेठनी त्याच्यावर चढवलं. भट्टीवाल्याने मान हलवली आणि हात जोडले.

"एक वार," अधिकारी बाई म्हणाल्या. "दोन वार. तीन वार." पेला टेबलावर आपटला.

फरशीशेठना कारखाना मिळाला. बाजारात जो भाव होता त्याच भावाने, कदाचित वर थोडा. मागच्या रांगेतून बटणवाल्यांच्या लेकीने जोरात टाळ्या वाजवल्या आणि मग कुणीच वाजवत नाहीये हे बघून आणखी जोरात वाजवल्या.

शेठ उठले. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. समोर संपादक अभिनंदनाचा हात पुढे करून उभे होते, आणि तिथेच शेठचा तोल गेला.

"तुमच्यामुळे हे! तुमचा तो दळभद्री अंक! तीन आठवडे सगळ्या प्रती मी घेतल्या, मी! स्वतःच्या पैशांनी! वाचायला नाही, झाकायला घेतल्या!"

संपादकांचा हात पुढे तसाच राहिला. वहिनींनी तो धरून खाली आणला.

घरी गेल्यावर संपादक म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दुसऱ्या अंकानंतर."

"मग सांगितलं का नाहीस?"

वहिनींकडे गमतीदार उत्तरं बरीच होती. पण त्यातलं एकही त्यांनी दिलं नाही. "तुम्ही गाणं गुणगुणत दाढी करत होतात," त्या म्हणाल्या. "कितीतरी वर्षांनी."

संपादक आत गेले आणि पलंगावर पालथे पडले. दोन दिवस त्यांनी लिहायला घेतलं नाही. कादंबरी बंद, असं भिंतीकडे तोंड करून जाहीर केलं. दुसरं पान कोरं राहिलं, आणि कोरं पान घेऊन अंक निघत नसतो.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी मेहुण्याला बोलावून आणलं. येतायेताच त्याला बजावलं, "हे बघा, विचारलं तर खरं काय ते सांगा. उगीच तारीफ नको. त्यांना ती लगेच कळते, सवय नाही ना."

मेहुणा पलंगाजवळच्या स्टुलावर बसला. "साहेब, शनिवारी प्रकरण नाही म्हणे?"

"कुणासाठी लिहू?" पलंगातून आवाज आला. "तू पगारी वाचक."

"पगार कुठे देतात दाजी?" मेहुणा म्हणाला. "आणि खरं सांगू का? सुरुवातीची प्रकरणं फार लांबली आहेत. तो इन्स्पेक्टर तर नुसता चहा पितो. मी त्याची पानं उलटूनच जातो."

संपादकांनी मान वळवली.

"आणि ती हातमोजेवाली बाई तळघरात उतरली, तिथे तुम्ही पावसाचं वर्णन घातलंत. तळघरात पाऊस कसा दिसेल?"

"खिडकी आहे तळघराला!" संपादक उठून बसले.

"कुठे लिहिलंय खिडकी आहे?"

"लिहायची गरज काय? सुज्ञ वाचकाला कळतं!"

"मला नाही कळलं."

"मग तू..." संपादकांनी पाय पलंगाखाली सोडून चपला शोधल्या. "थांब. थांब तू इथेच. दाखवतो तुला, त्या खिडकीचं पुढे काय होतं ते. आणि इन्स्पेक्टर चहा का पितो ते! अगं, माझं पेन कुठे आहे?"

"टेबलावर," वहिनी म्हणाल्या.

संपादक तावातावाने पुढच्या खोलीत गेले. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग कागद फाडल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही, फक्त पेन चालत असल्याची खरखर.

मेहुणा घाबरून उठला. "वहिनी, मी जास्त बोललो का?"

वहिनींनी त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि आवाज अगदी खाली आणला.

"मुळीच नाही. दर मंगळवारी येत जा, आणि थोडं वाईट बोलत जा. चहा माझ्याकडून."